पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहिलंय. मीही तेच लिहून देऊ का?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मुलांना शनीची कडी दाखवावी म्हणून परदेशातल्या एका विक्रेत्याकडून ऑनलाइन दुर्बीण आणि तीन नेत्रिका मागवल्या. 38,400 रुपये क्रेडिट कार्डाने भरले. जाहिरातीत ‘फ्री शिपिंग, सात ते दहा दिवसांत घरपोच, कसलाही टॅक्स नाही’ असं होतं. पार्सल पाच दिवसांत मुंबईला आलं आणि तिथेच अडकलं. कुरिअर कंपनीचा मेल आला की पाठवणाऱ्याने पार्सलवर ‘गिफ्ट, किंमत 45 डॉलर’ असं लिहिलंय, कस्टमला शंका आहे, केवायसी, पैसे भरल्याचा पुरावा आणि खुलाशाचं पत्र द्या. विक्रेत्याला कळवलं तर तो म्हणतो, ‘गिफ्टच आहे असं सांगा, 45 डॉलरचं बिल लगेच पाठवतो, सगळे असंच करतात.’ त्यातच काल एकाचा फोन आला. कस्टम अधिकारी बोलतोय म्हणाला, 4,999 रुपये यूपीआयने भरा, पार्सल सोडतो, नाहीतर गुन्हा दाखल होईल. मला नोकरीची भीती वाटते. चुलतभाऊ म्हणतो, पार्सल सोडूनच दे. सगळं नीट झालं तर चार शिक्षक मित्रांसाठीही असेच संच मागवायचा विचार होता. काय करू?

उत्तर : नमस्कार सर,

‘गिफ्ट आहे’ असं लिहून देऊ नका. विक्रेत्याने पाठवलेलं 45 डॉलरचं बिल कुणालाही पुढे पाठवू नका. आणि त्या फोनवाल्याला एक रुपयाही देऊ नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण या तीन गोष्टी आजच पक्क्या करा.

आजपर्यंत जे खोटं आहे ते विक्रेत्याचं आहे. पार्सलवरची चिठ्ठी त्याने चिकटवली, तुम्ही नाही. तुम्ही अजून कशावरही सही केलेली नाही, आणि तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच आहे. ज्या क्षणी तुम्ही ‘होय, मला मित्राने भेट पाठवलीय’ असं पत्र द्याल, त्या क्षणी ते खोटं तुमच्या नावावर चढतं. सीमाशुल्क कायदा 1962 मधल्या कलम 114एए प्रमाणे, महत्त्वाच्या बाबतीत खोटं असलेलं निवेदन किंवा कागद माहीत असूनही सादर करणाऱ्याला मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. तुमच्या बाबतीत ती मर्यादा 1,92,000 रुपयांवर जाते. शिवाय कलम 132 मध्ये खोट्या निवेदनासाठी दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. विक्रेता परदेशात बसलाय, त्याला यातलं काही लागत नाही. सही तुमची असेल, म्हणून जबाबदारीही तुमचीच असेल.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हे खोटं बोलून तुमचा फायदासुद्धा काही नाही. पूर्वी 5,000 रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना शुल्कमाफी होती. परदेशी विक्रेत्यांनी तिचा इतका गैरवापर केला की 12 डिसेंबर 2019 रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढून पोस्टाने किंवा कुरिअरने ‘भेटवस्तू’ म्हणून शुल्कमाफीत माल आणायलाच बंदी घातली. अपवाद फक्त जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा. खरीखुरी भेट आली तरी पूर्ण शुल्क भरूनच सोडवावी लागते. विक्रेत्यांच्या चिठ्ठ्या मात्र अजून जुन्याच सवयीने छापल्या जातात. इतक्या स्वस्तात आणि इतक्या वेगाने माल पाठवणारे बहुतेक जण शेकडो पार्सलं एकत्र करून एखाद्या एजंटाच्या हवाली करतात, आणि एकाच साच्यातला मजकूर सगळ्यांवर चिकटतो. तुमच्या पार्सलमध्ये काय आहे याचा विचारही तिथे कुणी केलेला नसतो.

यात एक खाच आहे. दुर्बीण ही काही आयातीला बंदी असलेली वस्तू नाही. साध्या मालाची किंमत कमी दाखवली गेली तर कलम 111(एम) खाली तो जप्तीला पात्र ठरतो खरा, पण कलम 125 प्रमाणे अधिकाऱ्याला तो दंड भरून सोडवण्याचा पर्याय तुम्हाला द्यावाच लागतो. बंदी असलेल्या मालाच्या बाबतीत मात्र हा पर्याय देणं न देणं त्याच्या मर्जीवर असतं. ‘माफी द्या, ही भेट आहे’ असा हट्ट धरलात तर तुम्ही स्वतःहून 2019 च्या त्या बंदीच्या कक्षेत जाऊन उभे राहता. खरेदी म्हणून खरं सांगितलंत तर पर्यायाचा हक्क तुमच्याकडेच राहतो.

आता करायचं काय? कुरिअर कंपनीच्या अधिकृत मेलवर, त्यांच्या मूळ मेलला उत्तर म्हणून एक छोटं पत्र पाठवा. इंग्रजीत लिहिलंत तर काम लवकर होईल. आशय असा ठेवा : ‘या पार्सलमधल्या वस्तू मी वैयक्तिक वापरासाठी अमुक तारखेला अमुक संकेतस्थळावरून विकत घेतल्या. एकूण 38,400 रुपये दिले, त्यात पोच खर्च धरलेला आहे. ऑर्डरची प्रत, कार्डाच्या स्टेटमेंटचं पान आणि केवायसी सोबत जोडलंय. पाठवणाऱ्याने भेटवस्तू म्हणून आणि 45 डॉलर किमतीने केलेली नोंद मला न विचारता केलेली आहे आणि ती बरोबर नाही. खऱ्या किमतीवर जे शुल्क होईल ते भरायला मी तयार आहे.’ एवढंच. विक्रेत्याशी झालेल्या संवादाचे स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा, पण ते आपण होऊन जोडू नका, मागितले तर द्या. केवायसीच्या प्रतीवर आडवं लिहा, ‘केवळ पार्सल क्रमांक अमुकच्या केवायसीसाठी’, आणि खाली तारीख घाला.

पोच खर्चाचं वाक्य मी मुद्दाम घातलंय. आपल्याकडे शुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही, भारतात पोचेपर्यंतचं भाडं आणि विमाही त्यात धरतात. भाडं किती ते कळत नसेल तर मूल्यांकन नियमांप्रमाणे ते मालाच्या किमतीच्या 20 टक्के धरलं जातं. जाहिरातीतलं ‘फ्री शिपिंग’ म्हणजे विक्रेत्याने ते भाडं तुमच्या 38,400 मध्येच घेतलेलं आहे. कागदावर हे दिसलं नाही तर कुणीतरी 38,400 वर पुन्हा भाडं चढवायचा आणि तुम्ही एकाच वाहतुकीवर दोनदा शुल्क भराल.

शुल्क किती, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. वैयक्तिक वापराचा माल सहसा सीमाशुल्काच्या दरपत्रकातल्या 9804 या शीर्षकाखाली जातो. आधी मूळ सीमाशुल्क, लागू असेल तिथे अधिभार, आणि ते सगळं मिळवून जी रक्कम होते तिच्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा एकात्मिक जीएसटी. दर अर्थसंकल्पात बदलत असतात आणि तुम्हाला लागू होणारा दर बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं सीमाशुल्क विभागाकडे दाखल होणारं घोषणापत्र) दाखल झाल्याच्या तारखेचा असतो, ऑर्डर दिल्याच्या तारखेचा नव्हे. कुरिअर कंपनी शुल्क आगाऊ भरल्याचा स्वतःचा आकारही लावते. म्हणून पैसे देण्याआधी बिल ऑफ एंट्रीची प्रत मागा आणि सरकारचे किती, कंपनीचे किती हे वेगवेगळं करून घ्या. ही प्रत मागताना संकोच करू नका. तो तुमच्या नावाचा कागद आहे.

बहुतेकदा असं पत्र गेलं की किंमत सुधारून शुल्क भरून घेतात आणि पार्सल सुटतं. तरीही अधिकाऱ्याने जप्तीची आणि दंडाची कारवाई सुरू केलीच तर घाबरू नका. कलम 124 प्रमाणे कारणं सांगणारी नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय तो काहीही ठरवू शकत नाही. रक्कम लहान असेल तेव्हा लेखी नोटिशीचा आग्रह सोडून तोंडी सुनावणी मागता येते, म्हणजे आठवडे वाचतात. आदेश मात्र लेखीच घ्यायचा. तुमच्यासारख्या प्रकरणात कलम 112 खालचा दंड जास्तीत जास्त बुडू पाहणाऱ्या शुल्काच्या 10 टक्के किंवा 5,000 रुपये, यातला जो मोठा तो. माल सोडवण्याचा वेगळा दंड बाजारभावातून शुल्क वजा करून उरणाऱ्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि पर्याय मिळाल्यापासून 120 दिवसांत तो भरायचा असतो. आदेश अन्यायाचा वाटला तर तो हाती पडल्यापासून 60 दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जाता येतं. त्यासाठी वादातल्या रकमेच्या साडेसात टक्के आधी भरावे लागतात.

नोकरीबद्दल. तुमच्या पत्रात ही भीती ओळीओळीत दिसते, म्हणून स्पष्ट लिहितो. दंडाचा विभागीय आदेश म्हणजे फौजदारी शिक्षा नव्हे. ज्याने पहिल्याच पत्रात खरी किंमत सांगून शुल्क भरायची तयारी दाखवली, अशा माणसावर एका दुर्बिणीसाठी खटला भरला जाईल असं मला वाटत नाही. उलट खोटं पत्र मात्र फाइलमध्ये कायमचं राहतं.

चुलतभावाचा सल्ला. कलम 23 प्रमाणे माल सोडवण्याचा आदेश होण्याआधी मालकी सोडून देता येते आणि मग शुल्क भरावं लागत नाही. पण त्या मालाबाबत कायद्याचा भंग झाल्याचं दिसत असेल तर ही वाट बंद होते. इथे चुकीची नोंद आधीच झालेली आहे, त्यामुळे अधिकारी तिच्याकडेच बोट दाखवेल. आणि नुसतं गप्प बसणं म्हणजे सोडून देणं नव्हे. माल उतरल्यापासून 30 दिवसांत सोडवला नाही तर नोटीस देऊन तो विकायची मुभा कायद्यात आहे. तुमचे 38,400 गेले आणि प्रश्नही उघडाच राहिला, असं होईल. ज्या मुलांसाठी दुर्बीण मागवलीत त्यांच्यापर्यंत ती पोचायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

फोनवाला. सीमाशुल्क विभाग कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर शुल्क घेत नाही. विभागाच्या पत्रांवर आणि नोटिशींवर डीआयएन हा कागदाचा ओळख क्रमांक असतो आणि तो सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाच्या) संकेतस्थळावर तपासता येतो. ही पद्धत 8 नोव्हेंबर 2019 पासून आहे. तुमचं पार्सल खरंच अडकलेलं असताना हा फोन आला, म्हणून तो खरा वाटला. पण असे फोन पार्सल न मागवलेल्यांनाही रोज येतात. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. चुकून बँकेचे तपशील किंवा ओटीपी दिला असेल तर आधी बँकेला कळवा.

विक्रेत्याचं काय? शुल्क हे मुळात घेणाऱ्यावरच असतं, पण ‘कसलाही टॅक्स नाही’ असं त्याने छापलं होतं. ते पान जपून ठेवा. ज्या संकेतस्थळावरून खरेदी केलीत तिथे वाद नोंदवायची मुदत संपायच्या आत तक्रार टाका आणि कार्ड देणाऱ्या बँकेलाही लेखी कळवा. पैसे परत मिळण्याची खरी शक्यता या दोन ठिकाणी आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत. तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तड लावायची असते. त्यांनी दाद दिली नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढे दोन वर्षांच्या आत तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या, म्हणजे बीडच्याच, ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. मात्र ज्याचा भारतात पत्ताच नाही अशा विक्रेत्याकडून आयोगाच्या आदेशाची वसुली करणं फार अवघड असतं, हे ध्यानात ठेवूनच त्यात वेळ घाला.

राहिले मित्रांचे चार संच. ते तुमच्या नावावर एकत्र मागवू नका. वैयक्तिक वापरासाठी आणणाऱ्याला आयात-निर्यात क्रमांक लागत नाही, पण एकाच नावावर एकसारखे चार संच आले की वैयक्तिक वापर म्हणून कुणी मानणार नाही, आणि मग 9804 ची सोयही जाते. ज्याचा संच त्याने आपल्या नावाने, आपल्या कार्डाने मागवावा आणि पैसे भरण्याआधी विक्रेत्याला लिहून विचारावं : बिल पूर्ण किमतीचं लावाल ना, पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहिणार नाही ना? जो विक्रेता यावर टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊ नये, मग शिपिंग कितीही फुकट असो.

कुरिअरला पत्र आजच पाठवा. आठ दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा डीआयएन असलेली नोटीस हाती पडली, तर तिची प्रत, तुमचं पत्र आणि बिल ऑफ एंट्री मला पाठवा. पुढचा मसुदा मी करून देईन.