नाण्यांच्या संदर्भात 'आहत' हा शब्द

एका वाचकाने विचारले आहे, की प्राचीन नाण्यांच्या संग्रहाविषयी मराठीत वाचताना 'आहत नाणी' हा शब्द वारंवार येतो. तो झिजलेल्या किंवा तुटक्या नाण्यांसाठी आहे का, आणि तसे नसेल तर कोणत्याही जुन्या चांदीच्या नाण्याला तो लावता येईल का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असे आहे. 'आ' उपसर्ग आणि 'हन्' धातू यांपासून झालेल्या 'आहत' शब्दाचा मूळ अर्थ 'ज्यावर आघात केला आहे असा' एवढाच आहे. जखमी किंवा दुखावलेला हा अर्थ आज अधिक कानावर पडत असला, तरी संगीतशास्त्रातील 'आहत नाद' आणि 'अनाहत नाद' ही जोडी आठवली की मूळ अर्थ लगेच उलगडतो, कारण तेथेही आघाताने निर्माण झालेला नाद अभिप्रेत आहे.

नाण्यांशी या शब्दाचे नाते फार जुने आहे. पाणिनीचे 'रूपादाहतप्रशंसयोर्यप्' (5.2.120) हे सूत्र सांगते, की ज्यावर रूप, म्हणजे आकृती, आघाताने उमटवलेली असते ते 'रूप्य'. 'रुपया' या शब्दाचे मूळ सामान्यतः याच 'रूप्या'त शोधले जाते. या सूत्रावर काशिकावृत्ती, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरील जुनी टीका, कार्षापण आणि दीनार या दोन्ही प्राचीन नाण्यांची उदाहरणे देते. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो, कारण दीनार हे सुटी चिन्हे ठोकलेले नव्हे, तर संपूर्ण आकृती एकाच ठशाने उमटवून पाडलेले नाणे होते. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने 'आहत' शब्दाची व्याप्ती आजच्यापेक्षा मोठी होती. नाणकशास्त्राने ती जाणीवपूर्वक आखडली आणि सुटी चिन्हे एकेक करून ठोकलेल्या नाण्यांपुरताच हा शब्द राखून ठेवला. संग्राहकांनी हा मर्यादित अर्थच पाळावा, असे माझे मत आहे, कारण तो सैल झाला तर या नाण्यांना ओळखण्याजोगे दुसरे नेमके नाव मराठीत उरत नाही.

मगध-मौर्य काळातील चांदीचे आहत कार्षापण हातात घेतले तर हा अर्थ प्रत्यक्ष दिसतो. पत्र्यातून कापलेला हा ओबडधोबड तुकडा सुमारे 32 गुंजांचा, म्हणजे साधारण 3.3 ते 3.4 ग्रॅम वजनाचा असतो, आणि वजन नेमके जुळावे म्हणून अनेकदा त्याचे कोपरे छाटलेले असतात. दर्शनी बाजूला सूर्य, षडर (सहा आऱ्यांचे) चक्र यांसारखी सहसा पाच चिन्हे असतात. प्रत्येक चिन्ह वेगळ्या ठशाने ठोकलेले असल्यामुळे ती एकमेकांवर चढतात किंवा काठावरून अर्धी बाहेर जातात, आणि म्हणूनच पाचही चिन्हे स्वच्छ वाचता येणाऱ्या नाण्याला संग्राहक अधिक मान देतात. मागच्या बाजूच्या बारीक खुणा पारख करणाऱ्यांनी नंतर उमटवल्या असे मानले जाते. छाटलेला कोपरा किंवा अशी खूण हा नाण्याचा दोष नव्हे. खरोखर झीज झाली असेल तर 'झिजलेले आहत नाणे' असेच लिहावे. त्यात कोणतीही द्विरुक्ती होत नाही.

नाशिकजवळ जोगळटेंभी येथे 1906 मध्ये क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा निधी सापडला. त्यातील हजारो नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने चैत्य आणि उज्जयिनी ही आपली चिन्हे वरून पुन्हा ठोकलेली आहेत. आघात येथेही झाला आहे, आणि तोही दोनदा, परंतु मूळ नाणे सुट्या चिन्हांचे नसून संपूर्ण आकृतीच्या ठशाचे असल्यामुळे त्याला 'आहत' न म्हणता 'पुनर्मुद्रांकित' म्हणणे योग्य ठरेल.

हिंदीतील 'आहत मुद्रा' हा प्रयोग मात्र मराठीत घेऊ नये, कारण आपल्याकडे 'मुद्रा' म्हटले की आधी शिक्का किंवा मोहोर डोळ्यांपुढे येते. नाणे कोणत्या पद्धतीचे आहे हे ठाऊक नसेल तर 'पाडलेले नाणे' हे साधे शब्द पुरेत, कारण 'नाणी पाडणे' हा आपला प्रयोग कोणत्याही पद्धतीला चालतो. विक्रीच्या वर्णनात 'आहत' लिहिलेले असून छायाचित्रात राजाचा मुखवटा आणि कडेने फिरणारा लेख दिसत असेल, तर ते वर्णन चुकीचे समजावे आणि नाण्याची ओळख नव्याने तपासून घ्यावी.