महाराज घरी आले की घर गप्प होतं

"मॅडम, लोक त्यांच्या पाया पडायलेत, अन् घरात लेकरू त्यांच्यासमोर यायला भेतंय. मी काय समजायचं? हे सगळं ढोंग हाय का?"

परभणीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एका कीर्तनकार महाराजांच्या पत्नीने हे विचारलं, तेव्हा त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला खुर्ची पुढे ओढावी लागली. प्रश्न मला नवा नव्हता. एका इमामसाहेबांच्या घरून तो आला होता, जालन्याकडच्या एका पास्टरांच्या मुलीनेही विचारला होता. शब्द वेगळे असतात, ठणका तोच असतो. दुसऱ्यांना शांती सांगणारा माणूस उंबऱ्याच्या आत आला की असा का होतो? या जोडप्याने परवानगी दिली म्हणून त्यांची हकिगत लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

मी आधी एकच गोष्ट विचारली, जी अशा वेळी कायम आधी विचारते. "हात उचलतात का?" त्या म्हणाल्या, "नाही. ताट भिरकावतात. मग दोन दोन दिवस बोलत नाहीत." मारहाण असती तर पुढचं सगळं बोलणं वेगळं झालं असतं. तिथे बाईची आणि लेकरांची सुरक्षितता पहिली. 2005 चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, आणि नवरा कितीही मोठा महाराज असला तरी तो कायदा त्यालाही लागू होतो. पुढे मी जे सांगणार आहे, ते मार खाणाऱ्या बाईने वाट बघत बसावं म्हणून सांगत नाही, हे स्पष्ट असू द्या.

महिनाभराने महाराज स्वतः आले. पांढरं धोतर, गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का, हातात लाल पुठ्ठ्याची डायरी. खुर्चीच्या कडेवर बसले. "मला तसा काही त्रास नाही. हिचं समाधान व्हावं म्हणून आलोय." डायरीत वैशाखापर्यंतच्या तारखा भरलेल्या होत्या. चार वर्षं आळंदीत शिकलेले, चौदा वर्षं गावोगावी सप्ताह गाजवणारे. त्यांची पत्नी त्यांना घरातही 'महाराज'च म्हणते, हे माझ्या लक्षात आलं होतं. म्हणून विचारलं, "घरात तुम्हाला नावाने कोण हाक मारतं?"

"आई मारायची. ती गेली." एवढं बोलून ते खिडकीकडे बघत राहिले.

काय घडलं होतं ते तुकड्या-तुकड्याने कळलं. शेजारच्या गावात सप्ताहाचं कीर्तन होतं. रंगात आलेलं असताना एक ओवी अर्ध्यावर विसरली. पाठीमागच्या टाळकऱ्यांनी सांभाळून घेतलं, पण समोरच्या एका पोराने मोबाईलवर तेवढाच तुकडा घेतला होता. तेवढ्यात मृदंगाचा ठेका जरा मागे पडला, आणि महाराजांनी माइकवरच मृदंगीबुवांना सुनावलं, "हात चालत नसतील तर घरी बसा." बुवा साठीचे. बारा वर्षं त्यांच्यासोबत. काल्याच्या दिवशी बुवा आलेच नाहीत. त्या रात्री घरी भाकरी गार होती म्हणून ताट अंगणात गेलं.

"मी जप वाढवला," महाराज म्हणाले. "रोजचा दुप्पट केला. राग काही जाईना गेलाय."

त्यांच्या पत्नीच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे. ते ढोंग नव्हतं. ढोंगी माणूस जप दुप्पट करत नाही. शास्त्र पाठ असणं ही एक विद्या आहे, आणि आपल्या पोटात आत्ता काय ढवळतंय ते ओळखता येणं ही अगदी दुसरी. पहिली शिकवायला संस्था आहेत, गुरू आहेत, परंपरा आहे. दुसरी कुणी शिकवलेलीच नसते, आणि व्यासपीठावर बसणाऱ्याला ती येतेच असं सगळे धरून चालतात, तो स्वतःसुद्धा. त्यात कामाचा ताण निराळाच. आर्ली हॉकशील्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मध्ये हवाईसुंदऱ्यांच्या कामाबद्दल लिहिताना त्याला भावनिक श्रम म्हटलं होतं. मनात काहीही असो, चेहऱ्यावर ठरलेला भावच ठेवायचा, हीसुद्धा मजुरीच आहे आणि ती माणसाला थकवते. दोन तास हजार माणसांसमोर प्रसन्न राहिलेला माणूस घरी येतो तेव्हा त्याच्यापाशी काही उरलेलं नसतं. उरलेलं नाही हे त्याला कळतही नाही. त्याला फक्त भाकरी गार लागते.

मी पहिल्यांदा त्यांना श्वास मोजायला सांगितला. ते शांतपणे म्हणाले, "प्राणायाम मी शिबिरात शिकवतो, मॅडम." माझं चुकलंच होतं. त्यांना आणखी एक साधना नको होती.

मग आम्ही शब्दांवर आलो. "त्या रात्री काय वाटलं?" "राग आला." "त्याच्या आधी?" "आधी काय? रागच." दर वेळी तेच. ज्या माणसाची मराठी ऐकायला लोक बैलगाडी जुंपून यायचे अशा परंपरेतला हा माणूस, आणि स्वतःच्या मनासाठी त्याच्याकडे दोनच शब्द होते, राग आणि आनंद. मी म्हटलं, "महाराज, आपल्या आया-आज्या काय म्हणायच्या ते आठवा." सुरुवातीला त्यांना ते पोरकट वाटलं. मग एकेक शब्द यायला लागला. कसनुसं होणं. ओशाळणं. हिरमोड. धास्ती. चुटपुट. कानकोंडं होणं. जीव कासावीस होणं. पोटात गोळा येणं. 'कानकोंडं' म्हणताना ते थांबले. "त्या दिवशी हेच झालं होतं," ते म्हणाले. "ओवी विसरली ना, तेव्हा कानकोंडं झालं. राग नंतर आला."

हे नुसतं भाषेचं कौतुक नाही. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मेंदूचं चित्रण करून दाखवलं की भावनेला शब्द दिला की मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग शांत व्हायला मदत होते. शब्द नेमका हवा. सगळ्यालाच राग म्हटलं की हातून रागाचंच वागणं होतं. कानकोंडं झालंय असं कळलं तर माणूस निदान मान खाली घालून पाणी तरी पितो.

तेव्हा ठरलं की डायरीच्या मागच्या पानांवर रोज एक ओळ लिहायची. पुढून तारखा, मागून मन. कीर्तन संपवून गाडी गावात शिरली की थेट घरी जायचं नाही. वेशीजवळच्या पारावर दहा मिनिटं बसायचं, मोबाईल गाडीतच ठेवायचा, ती एक ओळ लिहायची आणि मग घराकडे निघायचं. पहिल्या आठवड्यातल्या ओळी मी पाहिल्या. 'ठीक.' 'ठीक.' 'थकवा.' 'ठीक.' नवव्या दिवशी लिहिलं होतं, 'दुसऱ्या महाराजांना जास्त गर्दी होती. पोटात तुटलं.' हे लिहायला धैर्य लागतं. मत्सरावर दोन तास बोलू शकणाऱ्या माणसाला स्वतःच्या मत्सराची एक ओळ लिहायला नऊ दिवस लागले, आणि मला ते नऊ दिवस फार मोलाचे वाटतात.

झोपेचंही पाहिलं. रात्री नऊ ते अकरा कीर्तन, बाराला जेवण, दोनला घर, पहाटे काकडा. अशा झोपेवर कुणीही चिडचिडा होईल. आठवड्यातला एक दिवस कुणालाच तारीख द्यायची नाही, असं ठरवलं. तीन वेळा मोडलं, मग टिकलं.

खरी गाठ निराळीच होती. तिसऱ्या महिन्यात ते दशक्रियेच्या प्रवचनांबद्दल बोलले. आपल्याकडे शेतकऱ्याने जीव दिला की दहाव्याला कुणाला तरी बोलवावं लागतं. एका तरण्या पोराच्या दहाव्याला ते गोदावरीकाठी बोलले होते. पोरगा ओळखीचा, त्यांच्याच सप्ताहात पंगतीला वाढायचा. "मी नेहमीचं बोललो. आला तो जाणार, देह नाशवंत. त्याची माय माझ्याकडं बघत होती, मॅडम. काहीच बोलली नाही. नुसती बघत होती." पुढे त्यांना बोलता येईना. आई गेली तेव्हासुद्धा तेराव्यानंतर चौथ्या दिवशी ते कीर्तनाला उभे होते. लोकांनी केवढं वैराग्य म्हणून वाखाणलं. रडायचं राहून गेलं होतं.

लोकांची दुःखं ऐकणाऱ्या माणसाने ती कुठे ठेवायची, हे कुणी सांगत नाही. त्या दिवशी ते माझ्यासमोर रडले. बऱ्याच वेळाने उठताना म्हणाले, "आता त्या माउलीकडं जाऊन बसतो. बोलणार काही नाही." ते गेले, बसले, चहा पिऊन आले. तेव्हापासून अशा प्रवचनात ते 14416 हा टेलिमानसचा क्रमांक दोनदा सांगतात. केंद्र सरकारची ही मोफत सेवा 2022 मध्ये सुरू झाली. दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं. ज्याच्या शब्दावर गाव विश्वास ठेवतं त्याने तो आकडा सांगितला तर तो भिंतीवरच्या पत्रकापेक्षा लांब जातो.

राहता राहिले मृदंगीबुवा.

तेरच्या गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची, गोष्ट महाराज फार रंगवून सांगायचे. संत जमलेले, मुक्ताबाई मडकी थापायच्या लाकडी थापटण्याकडे बोट दाखवते, काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून मडकं पारखतात. सगळे गप्प बसतात, नामदेव तेवढे दुखावतात. काका म्हणतात, हे मडकं कच्चं. मग नामदेवांना औंढ्याला विसोबा खेचरांना गुरू करायला जावं लागतं. ज्यांचं मूळ नरसीचं मानतात, ज्यांना प्रत्यक्ष विठ्ठल ओळखतो, त्या नामदेवांना. मी विचारलं, "महाराज, तुमच्या डोक्यावर थापटणं कोण मारतं?"

ते खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बुवाच मारायचे. गाडीत. आज लांबवलंत, आज त्या माणसाला टोमणा मारायला नको होता, असं." आणि नेमकं त्यांनाच घरी बसवलं होतं.

पहिला प्रयत्न फसला. महाराजांनी बुवांना एका सप्ताहात बोलावलं आणि शाल-श्रीफळ देऊन भरमंडपात सत्कार केला. बुवांनी शाल घेतली, नमस्कार केला आणि निघून गेले. महाराज माझ्याकडे आले ते चिडूनच. "आता आणखी काय करायचं?" मी म्हटलं, "शाल देताना तुम्ही महाराजच होता. त्यांना दुखावणाराही महाराजच होता." मोठ्या जागेवर बसलेल्या माणसाला दान द्यायची सवय असते, माफी मागायची नसते. दोन्हींत हात पुढे होतो, म्हणून घोटाळा होतो.

दुसऱ्यांदा ते एकटे गेले, मोटारसायकलवर, बुक्का न लावता. बुवा अंगणात कापूस निवडत होते. महाराजांनी आधी ठरवलेलं एकच वाक्य म्हटलं, "त्या दिवशी माझी ओवी चुकली अन् ती मी तुमच्या हातावर ढकलली." 'पण' म्हणायचं नाही, गर्दी-मोबाईल काही सांगायचं नाही, एवढी तयारी आम्ही केली होती. बुवांनी मान वर केली नाही. म्हणाले, "चहा टाकायला सांगतो." तास दीड तास दोघं कापूस निवडत बसले. बुवा त्यानंतरही तीन महिने आले नाहीत. महाराजांनी पुन्हा बोलावणं धाडलं नाही, आणि मला तेही शिकल्यासारखंच वाटतं. माफी मागितली म्हणून समोरच्याने लगेच यावं, ही अपेक्षा म्हणजे तोच जुना मान दुसऱ्या दाराने मागणं.

घरात काय झालं? चमत्कार काही झाला नाही. मधे एकदा ताट पुन्हा आपटलं, भिरकावलं नाही. अर्ध्या तासाने त्यांनी सांडलेलं स्वतः गोळा केलं आणि पोराला म्हणाले, "माझं चुकलं, तुझं काही नव्हतं." त्यांच्या पत्नी फोनवर हे सांगताना हसत होत्या आणि रडतही होत्या. हल्ली त्या बाहेर 'महाराज' म्हणतात, घरात 'अहो'. हा बदल मी सुचवला नव्हता.

त्या पास्टरांच्या मुलीला आणि इमामसाहेबांच्या घरच्यांनाही मी हेच विचारते. त्यांना तोंडावर 'चुकलात' म्हणणारं कुणी उरलंय का? उपासनेचे प्रकार वेगळे आहेत, पण उंच जागी बसलं की आजूबाजूचे सगळे खालून वर बघत बोलतात, हे सगळीकडे सारखंच.

कार्तिकीनंतर एका गावी कीर्तन झालं. परतताना गाडीत मागच्या बाकावर मृदंग होता आणि मृदंगाशेजारी बुवा. बराच वेळ कुणी बोललं नाही. गंगाखेड मागे पडल्यावर बुवा म्हणाले, "आज शेवटचा दृष्टांत नको होता. लोकांना झोपा आल्या होत्या." महाराजांनी पारावर उतरून डायरी उघडली. ते पान त्यांनी मला दाखवलं. लिहिलं होतं, 'कसनुसं झालं. खरं होतं. बुवा आले.'