बॅटरी झिजतेय म्हणून गाडी विकायची का?

प्रश्न: माझी इलेक्ट्रिक कार साडेपाच वर्षांची आहे, ८८,००० किलोमीटर चाललेली. नवी असताना पूर्ण चार्जवर ४१० किलोमीटरची रेंज दाखवायची, गेल्या वर्षभराची सरासरी ३४५ आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बॅटरी पूर्ण भरून मी हा आकडा वहीत लिहितो. या गतीने अकराव्या वर्षात बॅटरी ७० टक्क्यांवर येईल. वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची आहे आणि ती संपल्यावर गाडीला कुणी विचारणार नाही. म्हणून आत्ताच विकून नवी घ्यायचं ठरवलंय. फरकाची काही रक्कम मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशातून आणि बाकीची ५ वर्षांच्या कर्जातून उभी करणार. बुकिंग झालंय, पण ते महिनाअखेरपर्यंत रद्द करता येतं. निर्णय बरोबर आहे का?

उत्तर: नमस्कार. बुकिंग रद्द करा. मुलीच्या शिक्षणाच्या पैशाला हात लावू नका आणि ही गाडी निदान अडीच वर्षं तरी चालवा. असं का म्हणतोय ते सविस्तर लिहितो, कारण तुम्ही साडेपाच वर्षं वही ठेवलीत आणि त्या वहीतच तुमचं उत्तर आहे.

तुम्ही पाठवलेली पानं मी दोनदा वाचली. ७१,००० किलोमीटरच्या सुमारास एका महिन्यात ३८१ आहे आणि पुढच्याच महिन्यात ३६६. त्या ओळीच्या समासात तुमच्याच अक्षरात लिहिलंय, 'चारही टायर बदलले.' एका महिन्यात १५ किलोमीटर खाण्याइतकी बॅटरी झिजत नाही. नव्या टायरची रस्त्याशी घासण जास्त असेल तर गाडीला तेवढ्याच अंतराला जास्त वीज लागते आणि रेंज उतरते. गेल्या वर्षातल्या नोंदीही पाहा. सगळ्यात थंड महिन्यात ३२९, हवा बरी झाल्यावर ३५७. बॅटरी खरोखर गेली असती तर ती हवा बदलल्यावर परत आली नसती.

डॅशबोर्डवरची रेंज हा अंदाज असतो. बॅटरीत आत्ता किती वीज आहे आणि गेल्या काही दिवसांत गाडीने किती खाल्ली, या दोन्हींवरून गाडी तो बांधते. हायवेवर वेगात फिरून आलात, हीटर चालवलात, की दुसऱ्या दिवशीचा आकडा खाली येतो. म्हणजे तुम्ही मोजत होतात ती बॅटरी, टायर, हवामान आणि तुमचा पाय यांची बेरीज. सगळ्यांचा दोष बॅटरीच्या नावावर पडला.

आता फक्त बॅटरी मोजू. घरच्या चार्जरच्या नोंदीत तुम्ही एक ओळ पाठवली आहे: २० टक्क्यांवरून १०० टक्क्यांपर्यंत, मीटरवर ४० युनिट. चार्जिंग करताना काही वीज उष्णतेत जाते, ती १० टक्के धरू. बॅटरीत पोचली ३६ युनिट. ही ८० टक्के भरण्याची वीज, म्हणून पूर्ण बॅटरी ३६ भागिले ०.८, म्हणजे ४५ युनिटची. नवी असताना तुमच्या गाडीची वापरण्याजोगी क्षमता ५० युनिट होती. उरली ९० टक्के.

या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. वाया गेलेली वीज ८ टक्के धरली तर उत्तर ९२ येतं, १२ धरली तर ८८. पण चार्जर तोच, जागा तीच, हवा साधारण तशीच ठेवलीत तर चूक दर वेळी सारखीच राहते, आणि दोन मापांमधला फरक भरवशाचा असतो. आपल्याला तोच फरक हवा आहे. तुमच्या वहीतली ३५७ ची नोंद घेऊन त्यात टायरचे १५ किलोमीटर परत मिळवले, तर तीही ४१० च्या ९० टक्क्यांच्या आसपास येते. दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचलो, म्हणून मला हा आकडा पटतो.

साडेपाच वर्षांत १० टक्के म्हणजे वर्षाला सुमारे १.८ टक्के. जिओटॅब ही कंपनी हजारो गाड्यांची माहिती तपासते. तिने २०१९ मध्ये सरासरी झीज वर्षाला २.३ टक्के काढली होती, २०२४ मध्ये १.८ टक्के. तुमची बॅटरी चारचौघींसारखी आहे.

तुम्ही पट्टी लावून सरळ रेघ ओढलीत, तिथेही एक गोष्ट निसटली. लिथियम बॅटरीत ऋण टोकावर एक पातळ थर साचत जातो आणि तो थर लिथियम अडकवून ठेवतो. सुरुवातीला तो भराभर वाढतो आणि जसा जाड होतो तशी त्याचीच वाढ मंदावते. पहिल्या दोन वर्षांतली घट पाहून पुढच्या दहा वर्षांचं भाकीत करणारे इथेच घाबरतात. सरळ रेघ धरली तर आठव्या वर्षी तुमची बॅटरी साडेपंच्याऐंशी टक्क्यांवर असेल, मंदावणारी झीज धरली तर ८८ च्या आसपास. मी कमी आकडा धरून हिशोब करतो, कारण पैशाचं नियोजन वाईट बाजूने करावं. फार पुढे गेल्यावर काही बॅटऱ्यांची घसरण एकदम तीव्र होते हेही खरं आहे, म्हणून मोजणं सोडायचं नाही.

तुम्ही विचाराल, मग बॅटरी मरते म्हणून इतकी भीती आली कुठून? २०१० च्या अखेरीस आलेल्या पहिल्या निसान लीफमध्ये बॅटरी थंड ठेवायची स्वतंत्र यंत्रणा नव्हती. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उन्हात त्या गाड्यांच्या मीटरवरचे बार दोन वर्षांतच उतरू लागले, आणि कंपनीला क्षमतेची वेगळी वॉरंटी द्यावी लागली. त्यातून त्या मीटरच्या बारा बारांपैकी पहिला बार एकटाच १५ टक्क्यांचा होता, तो गेला की मालकाच्या पोटात गोळा यायचा. तुम्ही लिहिलंय की तुमच्या बॅटरीला द्रवाने थंड ठेवणारी यंत्रणा आहे. त्या गाड्यांची कहाणी तुमच्या गाडीला लावू नका.

आता पैसे. रकमा बाजूला ठेवू आणि तुमच्या गाडीची मूळ किंमत १०० भाग धरू. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून आज गाडीचे ३८ भाग येतात आणि नवी गाडी ११० ची आहे. फरक ७२ चा. त्यातले ३० मुलीच्या ठेवीतून, ४२ कर्जातून.

जुनी गाडी वॉरंटी संपेपर्यंत ठेवली आणि तेव्हा तिचे फक्त २२ भाग आले असं धरू. अडीच वर्षांत तुम्ही गमावले १६. नवी घेतलीत तर तीच अडीच वर्षं तिचीही किंमत उतरणार, आणि सुरुवातीची वर्षं सगळ्यात महाग असतात. ११० ची गाडी तोवर ६५ वर आली असं धरलं तर गेले ४५. कर्जाचा दर ९ टक्के धरला तर तेवढ्या काळातलं व्याज साडेसात भाग. बेरीज साडेबावन्न. शिवाय मुलीच्या ३० भागांवर मिळालं असतं ते व्याज गेलं, ते मी मोजतही नाही. दोन वाटांमधला फरक साडेछत्तीस भागांचा आहे.

तुम्हाला कंपनीने संपूर्ण नव्या बॅटरीसाठी सांगितलेला आकडा ४५ भाग आहे. म्हणजे वॉरंटी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी बॅटरी साफ बंद पडली आणि सगळीच्या सगळी बदलावी लागली, तरी त्या खर्चाचा पाचातला चार हिस्सा आज नवी गाडी न घेतल्याने तुमच्याकडे शिल्लक असेल. आणि हे अगदी वाईटातलं वाईट झालं तर. एक-दोन मॉड्यूल, म्हणजे बॅटरीतले सेलचे सुटे गट, बिघडली तर बऱ्याच गाड्यांत तेवढीच बदलता येतात. बॅटऱ्यांच्या किमतीही २०१० ते २०२४ या काळात जगभरात ९० टक्क्यांच्या आसपास घसरल्या आहेत. होईल न होईल अशा नुकसानीच्या भीतीने तुम्ही नक्की होणारं मोठं नुकसान आजच पदरात घेताय.

वॉरंटीचा कागद मात्र शांतपणे वाचा. वर्षाला १६,००० किलोमीटरच्या चालीने आठव्या वर्षी गाडी १,२८,००० वर असेल, म्हणजे तुमच्याबाबतीत किलोमीटरच्या आधी वर्षं संपतील. अशी वॉरंटी साधारणपणे क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तरच लागू होते, आणि तेव्हाही नवी कोरी बॅटरी देण्याचं बंधन नसतं, ठरलेल्या पातळीवर आणून दिली की पुरे. मापही कंपनीच्या पद्धतीनेच होतं. खरी अडचण ७१-७२ टक्क्यांवर आठ वर्षं पुरी करणाऱ्या मालकाची असते. त्याच्या हाती काहीच लागत नाही. तुम्ही त्या वाटेवर दिसत नाही.

विक्रेत्याने ६ भागांत देऊ केलेली वाढीव वॉरंटी घेण्याआधी त्याला एकच प्रश्न लेखी विचारा: क्षमता हळूहळू कमी झाली तर भरपाई मिळते, की बॅटरी बंद पडली तरच? दुसरं उत्तर आलं तर घेऊ नका. त्यापेक्षा कर्जाचा जो हप्ता भरायला तुम्ही तयार झाला होतात, महिन्याला साधारण ०.८७ भाग, त्याचा निम्मा वेगळ्या खात्यात टाकत जा. वॉरंटी संपेपर्यंत १३ भाग जमतील, व्याज वेगळं. बॅटरीला लागले तर बॅटरीला, नाही लागले तर पुढच्या गाडीला.

तुमची गरजही तपासून पाहिली. रोजचे ६० किलोमीटर आणि महिन्यातून दोनदा एका बाजूने १८० किलोमीटर. बॅटरी ७० टक्क्यांवर आली तरी डॅशबोर्डच्या हिशोबाने २८७ मिळतील. थंडीत त्यातले आणखी काही जातील, तरी १८० गाठून तिथे चार्ज करता येईल. तुमची रोजची ये-जा २५० ची असती तर मी वेगळं लिहिलं असतं. त्या माणसाला ८० टक्केही अपुरे पडतात आणि त्याने गाडी लवकर काढलेलीच बरी.

नोंद ठेवायची पद्धत थोडी बदला. दर महिन्याला नको, तीन महिन्यांतून एकदा पुरे. बॅटरी २० टक्क्यांवर आली की घरच्याच चार्जरवर १०० पर्यंत भरा आणि तारीख, किलोमीटर, बाहेरचं तापमान, मीटरवरची युनिटं एवढंच लिहा. भरून झालं की लगेच गाडी काढा. तुमची बॅटरी निकेल-मँगनीज-कोबाल्टची आहे, तिला भरलेल्या अवस्थेत उन्हात उभं राहणं सोसत नाही. एरवी ८० पर्यंतच भरता ते चांगलं आहे. (हे वाचणाऱ्या ज्यांच्या गाडीत लोह-फॉस्फेटची बॅटरी आहे त्यांनी कंपनीची सूचना पाहावी. त्या बॅटरीचं व्होल्टेज बराच वेळ जवळजवळ सपाट राहतं, म्हणून अधूनमधून १०० टक्के भरली नाही तर गाडीचाच अंदाज चुकतो आणि नसलेली झीज दिसते.)

वर्षातून एकदा ओबीडी पोर्टला (गाडीची तपासणी करायला दिलेली जोडणीची जागा) जोडायच्या छोट्या उपकरणाने सेलमधलं व्होल्टेज पाहा, शक्यतो चार्ज कमी असताना. सगळ्या सेलचे आकडे जवळजवळ असले तर ठीक. एखादाच सेल दर वर्षी इतरांपेक्षा जास्त मागे पडत असेल, किंवा १५ टक्के दाखवणारा काटा एकदम ५ वर येत असेल, तर वॉरंटी शिल्लक असतानाच गाडी सर्व्हिस सेंटरला न्या आणि तक्रारीची लेखी नोंद करून घ्या. तोंडी सांगितलेलं पुढे कामाला येत नाही.

वॉरंटी संपायच्या सहा महिने आधी कंपनीकडून किंवा त्रयस्थ तपासनीसाकडून बॅटरीचा लेखी अहवाल घ्या. त्यात ८० च्या वर आकडा आला तर गाडी ठेवा. ७५ च्या खाली आला, किंवा दोन तिमाही मापांत मिळून ४-५ टक्के गेलेले दिसले, तर मला तक्ता पाठवा, तेव्हा विक्रीचा विचार करू. गाडीला कुणी विचारणार नाही ही तुमची धास्ती पूर्वी रास्त होती, कारण घेणाऱ्याला आत काय आहे ते कळायचं नाही. आता चित्र बदलतंय. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत २०२२ मध्ये ठरलेला जागतिक नियम ५ वर्षं किंवा १,००,००० किलोमीटरला ८० टक्के आणि ८ वर्षं किंवा १,६०,००० ला ७० टक्के क्षमता टिकावी असं सांगतो. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून गाड्यांच्या नव्या बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट, म्हणजे बॅटरीच्या माहितीची ऑनलाइन नोंद, सक्तीचा होतोय. सेकंडहँड गाडी घेणारा यापुढे वय विचारेल तसं बॅटरीचं आरोग्यही विचारेल, आणि आठ वर्षांची मापं व अहवाल समोर ठेवणाऱ्या मालकाशी त्याला घासाघीस करणं जड जाईल. ती वही जपून ठेवा, टायरच्या नोंदीसकट.

बुकिंग रद्द करायला स्वतः जा. रक्कम किती दिवसांत परत येणार ते तारखेसह लिहून, शिक्का मारून घ्या, आणि कर्जासाठी दिलेली कागदपत्रं व सही केलेला अर्ज त्याच दिवशी परत मागा.