वाचकांचे प्रश्न : व्हीआर हातमोजा आणि थरथरणारी बोटं

प्रश्न : पाच फ्लेक्स सेन्सर (वाकवल्यावर रोध बदलणाऱ्या पट्ट्या) आणि साधा ईएसपी32 बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा नियंत्रक) वापरून व्हीआरसाठी, म्हणजे आभासी जगात हात दाखवण्यासाठी, हातमोजा केला आहे. हात स्थिर असला तरी पडद्यावरची बोटं थरथरतात. वाय-फाय सुरू केलं की दोन बोटं गोठतात. फिल्टर (मोजणी गुळगुळीत करणारं गणित) वाढवला तर हालचाल मागे पडते. काय करावं?

उत्तर : गोठणारी दोन बोटं बहुधा एडीसी2च्या (बोर्डातल्या व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या भागाच्या) पिनांवर आहेत. वाय-फाय चालू असताना त्या पिनांवर अ‍ॅनालॉग मोजणी भरवशाची राहत नाही. पाचही तारा जीपीआयओ (बोर्डाच्या पिनांचे क्रमांक) 32, 33, 34, 35, 36 आणि 39 यांपैकी पिनांवर हलवा.

थरथरीसाठी फिल्टरला हात लावण्याआधी सेन्सरसोबतचा रेझिस्टर तपासा. सरळ असताना 10 आणि वाकल्यावर 20 किलोओहम दाखवणाऱ्या सेन्सरला 3.3 व्होल्टवर 100 किलोओहमचा रेझिस्टर जोडला, तर पूर्ण मूठ वळूनही व्होल्टेज जेमतेम 0.25 ने बदलतं. 15 किलोओहम लावला की तोच बदल 0.56 व्होल्टच्या आसपास जातो. गोंगाट तेवढाच राहतो, उपयोगी संकेत दुपटीहून वाढतो. प्रत्येक पिनेजवळ जमिनीच्या (ग्राउंड) तारेला 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या.

मग शिवण बघा, कारण खरा घोळ पुष्कळदा तिथेच असतो. बोट वाकलं की त्याच्या पाठीवरची लांबी वाढते. सेन्सरची दोन्ही टोकं शिवलेली असतील तर पट्टी ताणली जाते, हातमोजा सरकतो आणि मूठ कधीच पूर्ण मिटलेली दिसत नाही. तारांकडचं टोक हाताच्या पाठीवर पक्कं करा, पुढचं टोक कापडी नळीत मोकळं सरकू द्या. सोल्डरचा सांधा अजिबात वाकता कामा नये. पट्टी तिथेच तुटते. हातमोजा चढवला की दरवेळी उघडा हात आणि मूठ यांची मापं नव्याने घ्या.

आणि एका पट्टीकडून फार मागू नका. ती बोटाचा एकूण वाक सांगते, कोणतं पेर किती वाकलं ते नाही.

प्रश्न : मनगटावरच्या मोशन सेन्सरवरून हाताची जागाही काढता येईल का?

उत्तर : नाही. त्यातल्या प्रवेगमापकात (वेग किती झपाट्याने बदलतो ते मोजणाऱ्या भागात) फक्त 0.05 मीटर प्रतिसेकंद वर्ग इतकी चूक राहिली, तरी 10 सेकंदांत हात अडीच मीटर दूर दिसेल. जागेसाठी मनगटावर ट्रॅकर किंवा कंट्रोलर बसवा. मोशन सेन्सरकडून फक्त हाताची दिशा घ्या.

प्रश्न : स्पर्शासाठी नाण्याएवढी कंपन-मोटर लावली, पण नुसती घरघर जाणवते.

उत्तर : त्या मोटरीत कंपनाचा जोर आणि वेग एकत्रच बदलतात, शिवाय ती फिरायला लागेपर्यंत स्पर्शाचा क्षण निघून जातो. बोटांची टोकं साधारण 200 ते 300 हर्ट्झच्या कंपनाला सर्वात संवेदनशील असतात, म्हणून एलआरए प्रकारची (फिरण्याऐवजी सरळ रेषेत मागे-पुढे हलणारी) मोटर घ्या आणि ती तिच्या ठरलेल्या वारंवारितेवरच चालवा. वस्तूला हात लागताच एकच छोटा ठोका द्या. धरून ठेवलेल्या वस्तूसाठी सतत कंपन नको, काही वेळाने बोट बधिर होतं.