सही करण्याआधी पीतेओची गोष्ट ऐक

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी त्यातला राग कळला, दुसऱ्या वेळी आकडे. शेजारचा मोठा क्लब तुमचा महिला आइस हॉकी विभाग खेळाडूंसकट, लीगमधल्या जागेसकट स्वतःकडे घ्यायला तयार आहे. पुढच्या महिन्यात वार्षिक सभेत मतदान आहे आणि हिशेब तू सांभाळतेस म्हणून सगळे तुझ्या तोंडाकडे बघतायत. वर मला विचारतेस, "काकू, तुमच्या लूलेओत असंच झालं ना? आणि त्याचं सोनंच झालं ना?"

सोनं झालं, अगदी शब्दशः. इथे स्वीडनमध्ये राष्ट्रीय विजेतेपदाला एसएम-गुल्ड म्हणतात आणि गुल्ड म्हणजे सोनं. लूलेओच्या, म्हणजे आमच्या या उत्तर स्वीडनमधल्या गावाच्या, बायकांनी ते २०१६ ते २०२४ या काळात सात वेळा आणलं. पण तुला त्या सोन्याचा फारसा उपयोग नाही. तुला कामाचं आहे ते पीतेओ.

पीतेओ आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला. त्याला लागून मुंकसुंड ही कागदगिरणीची वस्ती. तिथला क्लब मुंकसुंड-स्कूथामन, लोक नुसतं एमएसएसके म्हणतात. आमच्या नॉरबॉटन प्रांतातली बायकांची हॉकी देशातल्या वरच्या लीगमध्ये टिकवली ती या क्लबने. २०१५ साली लूलेओ हॉकी (लूलेओ एचएफ) या आमच्या गावच्या मोठ्या क्लबने त्यांचा महिला संघ आपल्याकडे घेतला, लीगमधल्या जागेसकट. पाटीवर मात्र नावं दोन्ही राहिली : लूलेओ एचएफ/एमएसएसके. आणि पहिल्याच हंगामात, २०१६च्या वसंतात, संघ विजेता! त्याआधीची दोन वर्षं लिनशेपिंगच्या क्लबने नेली होती.

नवा संघ, पहिलं वर्ष, थेट विजेतेपद. अशी गोष्ट सगळ्यांना आवडते. मला त्यातला 'नवा' खटकतो. भांडं लूलेओचं, दूधही बरंचसं लूलेओचं, पण विरजण पीतेओचं होतं. ते नसतं तर पहिल्या रात्रीत दही लागलं नसतं. तुमच्याकडे काय आहे याची किंमत ठरवायला बसशील तेव्हा हे लक्षात ठेव. मोठ्या क्लबला संघ शून्यातून उभा करायचा तर खालच्या लीगमधून वर यायला वर्षं जातात. तुमच्यामुळे त्यांची ती वर्षं वाचणार आहेत. ती फुकट देऊ नका.

आता लूलेओने काय दिलं तेही नीट बघ, नाहीतर माझं ऐकून तू मोठ्या क्लबला खलनायक करशील. पुरुषांचा संघ वरच्या लीगमध्ये असलेला क्लब, अस्वलाचं चिन्ह गावात पोराटोरांच्या टोपीवर, मोठं स्टेडियम, प्रायोजक. आणि या सगळ्याहून मोठं म्हणजे बर्फ.

बर्फाबद्दल जरा थांबून लिहिते, कारण तुझ्या हिशेबाच्या वहीत त्याला रकानाच नाही. इथे हिवाळ्यात समुद्रसुद्धा गोठतो, बंदराजवळ लोक त्यावर स्केटिंग करत फिरतात. त्यामुळे आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांना वाटतं की बर्फाला काय तोटा! पण संघाच्या सरावाला लागतो तो छपराखालचा, मशीनने गुळगुळीत केलेला बर्फ, आणि त्याचे तास मोजके. आमच्या चाळीत नळाला पाणी यायचं तसं. कोणाची बादली आधी, यावरून चाळीतली पत कळायची. रिंकमध्येही तसंच असतं : पुरुषांचा मुख्य संघ, मग ज्युनिअर मुलगे, मग शाळकरी पोरं, आणि रात्री साडेनऊला उरलंसुरलं बायकांना. दुसऱ्या दिवशी सातला कामावर जायचं असतं त्यांना. माझी लेक चार वर्षं खेळली (मग ती घोड्यांकडे वळली, इथल्या निम्म्या मुलींसारखी), आणि त्या चार वर्षांत मी रिंकच्या कॉफीच्या खिडकीत उभी राहून पालकांची पाळी केली. मोठे करार कसे लिहितात ते मला माहीत नाही, पण सरावाचं वेळापत्रक भिंतीवर लागलं की कोणाला किती किंमत आहे ते मला तिथूनच कळायचं.

तेव्हा करारात पहिलं वाक्य बर्फाचं. आठवड्याचे किती तास, कुठल्या रिंकमध्ये, कुठल्या वेळी. "शक्य तितक्या चांगल्या वेळा" असं लिहिलेलं असेल तर कागद परत पाठव.

दुसरी गोष्ट खेळाडूंची. लूलेओ नकाशात बघ. स्टॉकहोम रस्त्याने नऊशे किलोमीटर, गोथेनबर्ग तर त्याच्याही पुढे. डिसेंबरात दिवसाला तीनेक तास सूर्य. इथे कोण येणार, असं मीही म्हटलं असतं. पण फिनलंडची सीमा इथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर आहे, आणि फिनलंडच्या उत्तम खेळाडू तिथून आल्या. येन्नी हीरिकोस्की २०१६ला आली. फिनलंडची कर्णधार, बचावपटू, जगातल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक. ती वर्षानुवर्षं राहिली. मिशेल कर्विनेन, रोन्या सावोलाइनेन, पेत्रा निएमिनेन, कितीतरी नावं. सोबत आमच्याच गावची योहाना फॅलमन, जी अमेरिकेत नॉर्थ डकोटाला शिकून-खेळून परत आली. खेळाडू जिथे नीट सराव मिळतो, डॉक्टर मिळतो, राहण्याची सोय होते तिथे टिकतात. मग अंधाराचीही सवय होते. मला झाली, मी तर नाशिकची.

२०१७चं विजेतेपद स्टॉकहोमच्या यूरगोर्डेन क्लबने नेलं. २०१८ पासून २०२४ पर्यंत जेवढे हंगाम पूर्ण झाले तेवढे सगळे लूलेओचे. २०२०चा करोनाने अर्ध्यात तोडला, विजेता ठरलाच नाही. इतकं जिंकणं लीगला चांगलं का, यावर आमच्या कॉफीच्या खिडकीत पुष्कळ वाद झालेत. मला विचारशील तर फार चांगलं नाही. पण त्यात जिंकणाऱ्यांचा दोष शोधू नये.

पाटीवरचं दुसरं नाव काही वर्षांनी गेलं. आज कोणीही नुसतं लूलेओ म्हणतं. यावर रडायचं की नाही ते तू ठरव, पण तुमच्या क्लबचं नाव राहावं असं वाटत असेल तर किती वर्षं, जर्सीवर की फक्त कागदावर, हे आत्ताच लिहून घे. आणि नावापेक्षा मी एका गोष्टीसाठी जास्त भांडेन : खालच्या मुली. नऊ-दहा वर्षांच्या. मोठा क्लब मुख्य संघ हौसेने घेतो. छोट्यांचा संघ, त्यांचे मोजे-हेल्मेट, त्यांना पन्नास किलोमीटर नेणारी गाडी, हे कोण बघणार? तो विभाग तुमच्याकडेच ठेवा आणि त्याच्या खर्चाचा वाटा त्यांच्याकडून घ्या. हिशेबनीस बाईला हे मी काय सांगायचं!

तुझ्या पत्रात एक वाक्य होतं, "आपण लहान आहोत तर लहानच बरे." इथे मात्र मी तुझ्याशी भांडणार आहे. बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९८८ला झाली, ती नाका हॉकी क्लबने जिंकली आणि पुढेही कितीदा जिंकली. (हो, नाकाच. स्टॉकहोमजवळचं गाव आहे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला द्वारका नाका आठवला.) सेगेलतोर्प हा राजधानीच्या उपनगरातला क्लब २००८, २०१० आणि २०११चा विजेता. आज वरच्या लीगची यादी काढ, ही दोन्ही नावं सापडणार नाहीत. २००७ला राष्ट्रीय लीग सुरू झाली, २०१६ला तिचं नाव एसडीएचएल (स्वीडिश महिला हॉकी लीग) झालं, प्रवास वाढला, खर्च वाढला, आणि यादीत पुरुषांच्या मोठ्या क्लबांची नावं भरत गेली. एकटं राहण्याचीही किंमत असते, ती तू तुझ्या वहीत मांडलेली दिसली नाही. पुढच्या पाच वर्षांचं बसभाडं काढून बघ.

आणि मागायला लाजू नका. २०१९च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय संघाच्या ४३ खेळाडूंनी शिबिरावर आणि फिनलंडमधल्या स्पर्धेवर बहिष्कार टाकला. मोबदला, प्रवास, विमा अशा मागण्या होत्या. याच देशाच्या मुलींनी २००६ला तुरिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला हरवून रौप्य आणलं होतं, तरी तेरा वर्षांनी विम्यासाठी अडून बसावं लागलं. ऑक्टोबरात महासंघाशी करार झाला. तेव्हा आमच्या गावात काही जण म्हणाले, एवढं ताणायला नको होतं. पुढच्या हंगामात तेच जण सामन्याला पुढच्या रांगेत.

सभेत उभी राहशील तेव्हा स्वीडिशच बोल, अडखळलीस तरी चालेल. इंग्रजीत बोललीस तर ते तुला पाहुणी समजतील. गावाकडच्या सहकारी सोसायटीची सभा बघितली असशीलच. एका सभासदाला एक मत, आणि खरी चर्चा सभेच्या आधी चहावर. इथे कॉफीवर. सभेच्या आधीच्या पंधरा दिवसांत मुलींच्या आयांना फोन कर, एकेकीला. मतदानाला त्या येतात की नाही यावर सगळं आहे.

कराराचा मसुदा आला की मला पाठव. स्वीडिश कायद्याची भाषा मला फार कळत नाही, पण माझ्याबरोबर कॉफीच्या खिडकीत उभी राहायची ती बाई निवृत्त वकील आहे, तिला दाखवते. शनिवारी सामना आहे, त्यामुळे शनिवारी फोन करू नकोस. रविवारी अकरानंतर कर.

तुझी,
काकू