खोडलेल्या ओळीबद्दल

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझे तिन्ही निबंध मिळाले. वहीच्या पानांचे फोटो पाठवलेस ते फार बरं केलंस. टाइप करून पाठवले असतेस तर मला सगळ्यांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट दिसलीच नसती. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या निबंधाच्या दुसऱ्या पानावर तू एक वाक्य लिहून खोडलं आहेस. रेघेखालून ते स्वच्छ वाचता येतं : ‘ऑक्टोबरात पाऊस आला की आमच्या घरात कोणी कोणाशी बोलत नाही.’ आणि त्याला लागूनच, न खोडता, लिहिलं आहेस : ‘धरणीमातेने जणू हिरवा शालू परिधान केला होता.’

मार्क चांगले पडतात, पण लिहिलेलं आपलं वाटत नाही, असं का होतं, हे तू विचारलं आहेस. तुला सुचलेलं वाक्य तू खोडलंस आणि पाठ असलेलं ठेवलंस, म्हणून.

याबद्दल मी तुला दोष देत नाही. मी वर्षानुवर्षं वह्या तपासल्या आहेत. पावसावरच्या निबंधांच्या प्रत्येक गठ्ठ्यात हा शालू असायचाच, सोबत पिसारा फुलवलेला मोर, कागदाच्या होड्या आणि आईच्या हातची गरमागरम भजी. ज्या गावात कोणी मोर पाहिला नव्हता तिथल्या वह्यांतही मोर नाचायचा. साठ-सत्तर वह्या एका रात्रीत तपासायच्या असल्या की ओळखीच्या वाक्यावर बरोबरची खूण करून पुढे जाणं सोपं पडतं, आणि कोणत्या वाक्यावर खूण मिळते हे मुलांना पाचवी-सहावीतच कळतं. मग हुशार मुलं धोका पत्करत नाहीत. तू हुशार होतीस, म्हणून तूही तेच केलंस. पण आता तू बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस आणि ‘मला लिहायला शिकायचंय’ असं स्वतःहून म्हणते आहेस, म्हणून थोडं स्पष्ट बोलते.

त्या खोडलेल्या वाक्यामागे काय काय आहे ते बघ. तासगाव भागातल्या द्राक्षबागेच्या घरातल्या तुला ते सांगायला नको, पण वाचणाऱ्याला कोणीतरी सांगायला हवं. ऑक्टोबर छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, सप्टेंबरातच उरकलेली असते, काड्या फुटून पानं आलेली असतात, घड बाहेर पडून फुलोऱ्यात यायच्या बेतात असतात, आणि नेमका परतीचा पाऊस गाठतो. पानावर तेलकट पिवळे डाग दिसायला लागतात, पान उलटलं की खाली पांढरी बुरशी. डावणी, म्हणजे हा बुरशीचा रोग, आली. घड कुजायला, गळायला लागतात. फवारलेलं औषध पुढच्या सरीने धुऊन जातं, म्हणून उघडीप मिळाली की रात्र असो की पहाट, पुन्हा ट्रॅक्टर आणि ब्लोअर बागेत. चार-पाच दिवसांत वर्षभराचं पीक राहणार की जाणार ते ठरतं. त्या चार-पाच दिवसांत घरात कोणी बोलत नाही. हे तू एका वाक्यात पकडलं होतंस! आणि मग तुला वाटलं असेल की निबंधात असं लिहीत नाहीत.

विषय नीट वाच. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ एवढंच म्हटलं आहे. तो दिवस आनंदाचा असावा, रम्य असावा असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. ते आपण गाइड वाचून गृहीत धरलं. दिलेला विषय ही फक्त सुरुवात असते. तो अरुंद करायचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो, आणि मी तर म्हणेन तो त्याचा पहिला उद्योगच असतो. सबंध पावसाळा दोन पानांत मावत नाही. एक संध्याकाळ मावते. त्या संध्याकाळी वडील कुठे उभे होते, आईने जेवायला कधी हाक मारली, कोण जेवलं, कोणाच्या मोबाइलवर हवामानाचा अंदाज उघडा होता, तू त्या वेळी अभ्यासाला बसली होतीस की बसल्याचं दाखवत होतीस, एवढंच लिही. ‘चिंता’ आणि ‘दुःख’ हे शब्द वापरू नकोस. त्यांची गरजच पडणार नाही.

‘शेतकऱ्याचे मनोगत’ मला सर्वांत कमी आवडला, आणि तो तुझ्या घरातून आला म्हणून जास्त लागला. त्यातला शेतकरी ‘मी साऱ्या जगाचा पोशिंदा’ अशी सुरुवात करतो. त्याला तालुका नाही, पीक नाही, कोणाची उधारी नाही. ‘पिकावर कीड पडली’ एवढंच तो म्हणतो. कोणतं पीक आणि कोणती कीड ते त्यालाही माहीत नसावं. तुझे वडील असं बोलतील का? त्यांना कोणी दहा मिनिटं खरंच ऐकून घेणारं भेटलं तर ते कृषी सेवा केंद्राच्या बिलाबद्दल बोलतील, विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, बायका मिळत नाहीत त्याबद्दल बोलतील. माल बाजारात द्यायचा की बेदाणा करायचा, यावर घरात झालेल्या वादाबद्दल बोलतील. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेली द्राक्षं शेडमधल्या जाळ्यांवर पंधराएक दिवस वाळत असताना आभाळ आलं तर रंग कसा बिघडतो, आणि रंग बिघडला की सौद्यात भाव कसा उतरतो, हे सांगतील. मनोगत लिहायचं तर आधी कोणाचं तरी मन ऐकावं लागतं. तुझ्या घरात तो माणूस रोज रात्री जेवायला बसतो. त्याच्यासमोर वही घेऊन बसू नकोस, तो गप्प होईल. नुसती बस आणि विचार.

‘मोबाइल : शाप की वरदान’ यावर थोडक्यात. तू दोन परिच्छेद फायद्यांचे, दोन तोट्यांचे लिहिलेस आणि शेवटी ‘हे वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ म्हणून मोकळी झालीस. हे वाक्य चाकू, पैसा, वीज, सगळ्यांवर चालतं, म्हणून ते मोबाइलबद्दल काहीच सांगत नाही. एवढा मोठा प्रश्न सोडून दे. तुमच्या घरापुरता विचार कर. वडील रात्री दोनला उठून मोबाइलवर पावसाचा अंदाज बघतात, असं तू मागे बोलताना म्हणाली होतीस. अंदाज कळला म्हणून पाऊस यायच्या आधी फवारणी घेता आली, बाग वाचली, हे खरं. आणि पूर्वी पाऊस येईपर्यंत तरी माणूस झोपायचा, आता येण्याआधीपासून जागा असतो, हेही खरं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या एकाच रात्री घडतात. त्यातली कोणती तुला जास्त मोठी वाटते आणि का, ते सांग. तुझं मत चुकीचं ठरलं तरी चालेल, मी वाद घालीन. पण मत हवं.

आता तुला एका मुलीबद्दल सांगते. मुक्ता साळवे. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेत ती शिकत होती. शाळेत जाऊन तिला तीनएक वर्षं झाली होती, तेव्हा तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत दोन भागांत छापून आला. तू तो वाच. छोटासाच आहे. मी तुला तो प्रेरणा घे म्हणून वाचायला सांगत नाही. तो बांधला कसा आहे ते बघ. ब्राह्मण म्हणतात की वेद फक्त आमचे. ती म्हणते, ठीक, मग आम्हाला धर्मग्रंथ नाही, मग आमचा धर्म कोणता ते देवा तूच सांग. विरोधकाचं म्हणणं जसंच्या तसं उचलून ती त्याला त्याच्या शेवटापर्यंत नेते. हा युक्तिवाद एका शाळकरी मुलीने केला आहे. आणि मग ती मोठमोठे शब्द वापरत बसत नाही. पेशवाईत तालमीसमोरून जाणाऱ्या आपल्या माणसाचं गुलटेकडीच्या मैदानात काय होत असे ते सांगते. बाळंतीण बाईच्या घरावर छप्पर नसतं, तिला थंडी-पाऊस-वाऱ्याचा किती त्रास होत असेल, हे सांगते. गुलटेकडी हे ठिकाणाचं नाव तिने घातलं, बाळंतिणीच्या डोक्यावर नसलेलं छप्पर घातलं, म्हणून ते पावणेदोनशे वर्षांनंतरही वाचवत नाही आणि सोडवतही नाही. तिच्यापुढे गाइड नव्हतं, हे खरंच. पण ‘असं निबंधात लिहीत नाहीत’ असं सांगणारी माणसं तिच्या भोवती तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त असणार.

मैत्रिणी चॅटजीपीटीकडून निबंध लिहून घेतात आणि त्यांना तुझ्याइतकेच मार्क पडतात, याचा तुला राग येतो. राग बरोबर आहे. पण एक लक्षात घे, महाविद्यालयाला तुझ्या निबंधाची काहीही गरज नाही. तो वाचून झाला की रद्दीत जातो. तो मागतात ते लिहिताना तुझं काहीतरी व्हावं म्हणून. दुसऱ्याने लिहिला तर ते होत नाही. आणि पुढे स्पर्धा परीक्षेचा विचार आहे म्हणालीस, तर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा २५० गुणांचा वेगळा पेपर असतो : तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी १००० ते १२०० शब्द. तो मराठीतही लिहिता येतो. त्या तीन तासांत हाताशी फक्त तूच असशील. ‘वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ या वाक्यावर हजार शब्द निभत नाहीत.

लिहून झाल्यावर काय करायचं, ते सांगते. निबंध एक रात्र तसाच ठेव. सकाळी मोठ्याने वाच, मनातल्या मनात नको. जिथे तुझा आवाज वक्तृत्व स्पर्धेतला होतो, तिथे पेन्सिलीने खूण कर. ती वाक्यं बहुतेक तुझी नसतात. मग पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाच. निबंध तसाच उभा राहत असेल तर पहिला काढून टाक. तुझ्या तिन्ही निबंधांत तो काढता येतो, मी करून पाहिलं. आणि या पुढे एखादं वाक्य खोडलंस तर ते का खोडलंस हे समासात एका शब्दात लिहीत जा : खोटं, पुन्हा आलेलं, की भीती. ‘भीती’ लिहिलं गेलं तर ते वाक्य परत घे.

भाषेबद्दल विचारलंस. ‘परिधान केला’ ऐवजी ‘नेसला’ लिहिलं तर मार्क कमी होतील का? होणार नाहीत, आणि झाले तर होऊ देत. काडी, घड, मणी, विरळणी, डावणी हे शब्द अवतरणचिन्हांत घालू नकोस, ते उसने नाहीत. ज्याला बाग ठाऊक नाही त्याला ते पुढच्या वाक्यातून कळतील असं लिही. व्याकरण मात्र चोख हवं, तिथे मी सूट देत नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा मी तिन्ही निबंधांवर करून ठेवल्या आहेत.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, जो तू ताजा कलम म्हणून लिहिलास : घरातलं लिहायचं तर घरच्यांना विचारायला हवं का? तुला जे दिसलं, ऐकू आलं, वाटलं, ते लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. पण कर्जाचा आकडा, सोसायटीची नोटीस, काकांशी झालेला व्यवहार, असलं काही निबंधात येणार असेल आणि तो महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात छापून येणार असेल, तर वडिलांना आधी वाचून दाखव. गावात तो अंक कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. ते एखादी गोष्ट वगळ म्हणाले तर वाद न घालता वगळ, आणि उरलेलं मला पाठव. लवकर पोचलं तर छाटणीची गडबड सुरू व्हायच्या आधी खुणा करून परत करीन.

तुझ्या,
बाई