डंपरवाल्याला तू दिसतच नाहीस

खाणीत नवा आहेस, तर पहिल्याच आठवड्यात एक कर. बंद उभ्या डंपरच्या केबिनमध्ये ऑपरेटरला विचारून चढून बस आणि खाली पुढच्या चाकाजवळ कुणाला तरी उभं कर. त्याचं हेल्मेटही दिसणार नाही. १०० टनी डंपरचं चाक पावणेतीन मीटरच्या आसपास उंच असतं. जीप चिरडली तरी वर जेमतेम हादरा पोचतो.

म्हणून जवळ जायचं तर आधी रेडिओवर बोल, उत्तर येऊ दे, मगच पाऊल टाक. त्याने हात केला म्हणजे आपल्यालाच, असं धरून चालू नकोस. मी धरलं होतं. तो हात माझ्या मागच्या शॉवेलवाल्यासाठी, म्हणजे डंपर भरणाऱ्या मोठ्या यंत्राच्या ऑपरेटरसाठी होता! रिव्हर्सचा हॉर्न कानावर पडला म्हणून आज हे लिहितोय.

डम्पच्या, म्हणजे माल ओततात त्या ढिगाऱ्याच्या, कडेचा मातीचा बंधारा चाकाच्या निम्म्या उंचीचा तरी हवा. ढासळलेला दिसला तर माल आतच टाक, पुढे डोझर लोटेल. बंधाऱ्याला चाक टेकवून थांबायची सवय काही जुन्या लोकांना असते. ती उचलू नकोस. कड खचलेली वरून कळत नाही.

भूमिगत खाणीत कंटिन्युअस मायनर (कोळसा कापणारं यंत्र) आणि कोळशाची भिंत यांच्या मध्ये कधीच उभा राहू नकोस, माणूस जवळ आला की मशीन थांबवणारा सेन्सर असला तरी. मशीन जागच्या जागी वळतं.

दुरुस्तीला मशीन कुणी चालू करू नये म्हणून लावायचं कुलूप तुझं, किल्ली तुझ्याच खिशात.

आणि सीटबेल्ट. डंपर कलंडताना उडी मारणारा बहुधा त्याच्याच खाली सापडतो.